वाचकांचे प्रश्न : चाको खोऱ्यात जाताना

मागील अंकात अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या चाको खोऱ्याची ओळख करून दिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांत एकच काळजी निरनिराळ्या शब्दांत व्यक्त झाली आहे. जागा पाहण्याजोगी आहे हे वाचकांना पटले आहे, पण तिथवर जाणे आपल्याला झेपेल का आणि वाटेत काही बिनसले तर काय करायचे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी मागील अंक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इ.स. ८५० ते ११५० या सुमारे तीन शतकांत आजच्या प्यूब्लो या तेथील मूळ रहिवासी लोकांच्या पूर्वजांनी या कोरड्या खोऱ्यात घडीव दगडांच्या बहुमजली वास्तू उभारल्या. त्यांतील प्यूब्लो बोनितो ही सर्वांत मोठी असून तिच्यात सहाशेहून अधिक खोल्या होत्या. १९०७ साली या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, १९८० साली ती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली आणि १९८७ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत तिचा समावेश झाला.

खोऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६,२०० फूट, म्हणजे जवळजवळ १,९०० मीटर आहे. उद्यानात पेट्रोल मिळत नाही, खाणावळ नाही, गाडी दुरुस्त करणारा कोणी नाही आणि मोबाइलला रेंजही नाही. पुढील सगळी उत्तरे वाचताना ही गोष्ट मनात असू द्यावी, कारण इतरत्र जी किरकोळ अडचण ठरेल तीच चाकोमध्ये मदत दूर असल्यामुळे गंभीर होऊ शकते.

प्रश्न : आमचा मुलगा आल्बुकर्कीला असतो. आम्ही दोघे (वय ६७ आणि ६३) मे महिन्यात त्याच्याकडे जाणार आहोत. त्याच्याकडे साधी सेडान गाडी आहे. फोनवरील नकाशा चाकोकडे जाणारे दोन-तीन रस्ते दाखवतो. त्यांपैकी कोणता धरावा?

उत्तर : फोनवरील नकाशाने सुचवलेला जवळचा रस्ता या एका ठिकाणी कृपया धरू नका. नकाशे आणि दिशादर्शक यंत्रे सुचवतात त्यांतले काही स्थानिक रस्ते साध्या मोटारींसाठी सुरक्षित नाहीत, असा इशारा उद्यान प्रशासन स्वतःच देते, आणि या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणारे प्रवासी वाळूत किंवा चिखलात अडकून पडतात. आपण ५५० क्रमांकाच्या महामार्गाने यावे. नगीझी गावाच्या आग्नेयेला सुमारे ३ मैलांवर ७९०० क्रमांकाचा कौंटी रस्ता फुटतो, तो पुढे ७९५० क्रमांकाच्या रस्त्याला मिळतो आणि या वळणांवर उद्यानाच्या पाट्या लावलेल्या आहेत. महामार्ग सोडल्यापासून उद्यान २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर आहे. त्यातील ८ मैल डांबरी आणि १३ मैल कच्चे आहेत. उद्यानाच्या हद्दीअलीकडचे साडेचार मैल सर्वांत खराब आहेत. पन्हाळी पत्र्यावरून गाडी न्यावी तसा तिथे खडखडाट होतो आणि वेग वाढवला की चाकांची पकड सुटून गाडी बाजूला सरकू लागते. दक्षिणेकडून ९ क्रमांकाच्या महामार्गावरून येणारी वाट याहून अवघड असून कधीकधी ती वापरताच येत नाही. साध्या गाडीने त्या बाजूला जाण्याचा विचारही करू नये.

रस्ता कोरडा असेल तर सेडान सावकाश जाऊ शकते आणि अनेक जण तशी नेतातही. निघण्यापूर्वी मात्र मुलाने गाडीचे जादा चाक नुसते आहे की नाही एवढेच न पाहता त्यात हवा भरलेली आहे याची खात्री करून घ्यावी, जॅक आणि पाना कुठे आहेत हे पाहून ठेवावे आणि पेट्रोलची टाकी क्यूबा या वाटेवरच्या गावात पूर्ण भरून घ्यावी. (हे न्यू मेक्सिकोतलेच एक लहान गाव आहे, त्याच्या नावाने गोंधळून जाऊ नये.) गाडी भाड्याची असल्यास करारपत्र आधी वाचावे, कारण अनेक कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई करतात आणि तिथे बिघाड झाल्यास गाडी ओढून आणण्याचा संपूर्ण खर्च भाडेकरूवर येऊ शकतो.

त्या वाटेवर दोन्ही बाजूंना नवाहो या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांची घरे आहेत आणि त्यांची गुरे व घोडे मोकळे चरत असतात. आडवाटा बहुधा कोणाच्या तरी अंगणात जातात, म्हणून त्यांवर वळू नये. जनावरे रस्त्यात येतात ती अंधारात अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाहीत, त्यामुळे परतीचा कच्चा रस्ता सूर्यास्तापूर्वी ओलांडून होईल असा हिशेब करून खोऱ्यातून निघावे. आल्बुकर्कीहून एका बाजूचा प्रवास साधारण तीन तासांचा आहे. सकाळी उशिरा निघून संध्याकाळी परतण्याचा बेत केल्यास पाहण्यासाठी फारसा वेळ उरत नाही, आणि मग घाई होते. आपले वय पाहता आदल्या रात्री फार्मिंग्टन किंवा ब्लूमफील्ड येथे मुक्काम करणे मला अधिक योग्य वाटते.

प्रश्न : आम्हाला सुट्टी फक्त ऑगस्टमध्ये मिळते. वाळवंटी प्रदेश असल्याने पावसाची चिंता नसावी, असे माझे यजमान म्हणतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : आपल्या यजमानांचा तर्क समजण्यासारखा आहे, कारण चाकोत वर्षभरात मिळून ९ इंचांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो. पण या पावसाचा मोठा वाटा जुलै ते सप्टेंबर या काळात, तोही दुपारच्या वादळी सरींच्या रूपाने येतो. नैर्ऋत्य अमेरिकेतल्या या ऋतूलाही तेथील लोक मान्सूनच म्हणतात. सकाळी निरभ्र असलेल्या आकाशात अकरा-बाराच्या सुमारास पांढरे ढग वर चढू लागतात, दोन-तीन वाजेपर्यंत त्यांचे तळ काळे होतात आणि मग अर्ध्या तासात सगळे बदलून जाते. म्हणून ऑगस्टमध्ये जायचेच असेल तर उजाडताच बाहेर पडावे, पठारावर चढायचे असल्यास सकाळी चढून दुपारच्या आत खाली यावे, आणि दुपारनंतरचा वेळ गाडीजवळच्या वास्तूंसाठी किंवा माहिती केंद्रासाठी ठेवावा.

पावसाचे धोके तीन आहेत आणि ते वेगवेगळे समजून घेतलेले बरे. पहिला चिखलाचा. या रस्त्यांवरची माती बारीक चिकणमाती आहे. भिजली की ती साबणासारखी निसरडी होते, चाकांना थरावर थर चिकटतात आणि चारही चाकांना जोर मिळणारी गाडीसुद्धा सरळ रेषेत राहत नाही. ऊन पडल्यावर हीच माती काही तासांत पुन्हा टणक होते. त्यामुळे खोऱ्यात असताना पाऊस आला तर परत फिरण्याची घाई न करता तिथेच थांबणे हा बहुतेक वेळा सर्वांत शहाणपणाचा निर्णय असतो, आणि त्यासाठीच गाडीत एका रात्रीपुरते अन्न, पाणी व पांघरूण असायला हवे.

दुसरा धोका लोंढ्याचा. चाको वॉश हा खोऱ्यातला ओढा एरवी कोरडा असतो. पण पाऊस दूर कुठे तरी पडलेला असला आणि आपल्या डोक्यावर लख्ख ऊन असले तरी त्या भागातल्या कोरड्या ओढ्यांतून गढूळ पाण्याची भिंत येऊ शकते, कारण उघड्या खडकावर आणि कोरड्या, कडक जमिनीवर पाणी मुरण्याआधी वाहून जाते. अमेरिकेची हवामान सेवा सांगते की वेगाने वाहणारे ६ इंच पाणी धडधाकट माणसाला पाडू शकते, १२ इंच पाणी छोटी मोटार उचलू शकते आणि २ फूट पाण्यात बहुतेक वाहने वाहून जातात. पाणी गढूळ असल्यामुळे खालचा रस्ता शाबूत आहे की खचला आहे हे वरून कळत नाही. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालू नये. समोरची गाडी पार झाली म्हणून आपलीही होईल असे नसते.

तिसरा धोका विजेचा. सपाट माथ्याच्या पठारावर आपणच सर्वांत उंच वस्तू असतो. गडगडाट ऐकू आला की वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते असे धरून चालावे, काचा बंद केलेल्या मोटारीत जाऊन बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे होईपर्यंत बाहेर पडू नये. कपारीच्या तोंडाशी, एकट्या झाडाखाली किंवा जुन्या भिंतीच्या आडोशाला उभे राहणे सुरक्षित नाही.

माझा स्वतःचा एक अनुभव इथे सांगणे उपयोगाचे ठरेल. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्येच आम्ही चौघे डांबरी रस्ता संपतो तिथवर पोहोचलो, तेव्हा रात्री पाऊस होऊन गेलेला होता आणि पुढे एका मालवाहू गाडीची खोल, वाकडीतिकडी चाकोरी दिसत होती. आम्ही इतक्या लांबून आलो होतो की मागे वळण्याची कोणाचीच इच्छा नव्हती, आणि दहा मिनिटे आम्ही एकमेकांना पुढे जाण्याची कारणे पुरवीत राहिलो. अखेर परत फिरलो आणि तो दिवस अ‍ॅझटेक रुइन्स या राष्ट्रीय स्मारकात घालवला. फार्मिंग्टनजवळचे हे ठिकाण डांबरी रस्त्यावर आहे, नाव अ‍ॅझटेक असले तरी ते प्यूब्लो लोकांच्या पूर्वजांनीच बांधलेले आहे आणि चाकोच्याच जागतिक वारशात त्याची गणना होते. तेथील भव्य गोल सभागृह, ज्याला किवा म्हणतात, पुन्हा बांधून छतासह उभे केलेले असल्याने आत उतरून बसता येते. चाको आम्ही दोन दिवसांनी पाहिले. म्हणून माझा आग्रह असा की बेत आखतानाच एक दिवस मोकळा ठेवावा आणि आदल्या दिवशी माहिती केंद्राकडे रस्त्याची चौकशी करावी. मोकळा दिवस हाताशी असला की परत फिरणे जिवावर येत नाही.

आणि एवढे करूनही गाडी अडकलीच, तर गाडी सोडून चालत निघू नये. चालणाऱ्या माणसापेक्षा उभी गाडी शोधणाऱ्यांना लवकर सापडते, आणि गाडीत सावली, पाणी व ऊब असते. कुठे चाललो आहोत आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास चौकशी करायची, हे बाहेरच्या कोणाला तरी लिहून दिलेले असावे. ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवायचे असल्यास धुराची नळी चिखलाने किंवा बर्फाने बुजलेली नाही हे आधी उतरून पाहावे, कारण ती बुजलेली असल्यास विषारी वायू गाडीत शिरतो आणि त्याला वास नसतो.

प्रश्न : माझ्या आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांतली एक लघवी वाढवणारी आहे. उंचीचा आणि उन्हाचा तिला त्रास होईल का? पाणी किती न्यावे?

उत्तर : उंचीपासून सुरुवात करतो. विरळ हवेमुळे होणारा खरा आजार सहसा २,५०० मीटरच्या वर दिसतो, आणि चाको त्याच्या खाली आहे. तरीही समुद्रकाठच्या तुलनेत इथे हवेचा दाब सुमारे वीस टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी चढावर धाप लागणे, झोप नीट न लागणे किंवा डोके जड वाटणे स्वाभाविक आहे. आल्बुकर्कीची उंचीही ५,००० फुटांच्या वर असल्याने तिथे दोन-तीन दिवस राहून मग चाकोला गेल्यास शरीराला सवय होते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असल्यास डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वीच घ्यावा.

उन्हाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जुलैत दुपारचे तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. हा आकडा आपल्याला फारसा वाटत नाही आणि तिथेच फसगत होते. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसण्याआधी उडून जातो, कपडे ओले होत नाहीत, आणि आपल्या शरीरातून पाणी जाते आहे याची जाणीवच होत नाही. उंचीबरोबर अतिनील किरणांची तीव्रता दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढते आणि वास्तूंच्या आवारात सावली जवळजवळ नाही. म्हणून रुंद काठाची टोपी, अंगभर बाह्यांचे सैल सुती कपडे आणि गॉगल हवाच.

पाणी माणशी दिवसाला किमान ४ लिटर गाडीत असावे. पिण्याचे पाणी फक्त माहिती केंद्राजवळ मिळते, पुढे वास्तूंकडे जाणाऱ्या ९ मैलांच्या फेरीच्या रस्त्यावर कुठेही मिळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत राहावे, पण नुसते पाणीच पीत राहणेही बरोबर नाही. तासन्‌तास घाम जाऊन केवळ पाणी पोटात गेल्यास रक्तातील मीठ कमी होते आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा अशी लक्षणे दिसतात. ती उन्हाच्या त्रासासारखीच भासतात, म्हणून लोक आणखी पाणी पाजतात आणि त्रास वाढतो. पाण्याबरोबर खारे काहीतरी खात राहणे हा साधा उपाय आहे. जलसंजीवनीची पाकिटेही जवळ ठेवावीत, मात्र आपल्या आईंना मिठाचे पथ्य असेल तर ती कधी द्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे शरीरातले पाणी आणि क्षार आधीच कमी होत असतात आणि बसल्याजागेवरून उठताना भोवळ येण्याची शक्यता वाढते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, किंवा वेळही बदलू नये. प्रवासाचे स्वरूप सांगून डॉक्टरांकडूनच ते ठरवून घ्यावे.

थकवा, डोकेदुखी, पायात गोळे, भरपूर घाम आणि मळमळ ही उष्णतेने दमल्याची लक्षणे आहेत. माणसाला सावलीत आडवे करावे, पाय किंचित उंच ठेवावेत, कपडे सैल करून अंगावर ओले फडके फिरवावे आणि हळूहळू पाणी द्यावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात आहे आणि त्यात मिनिटामिनिटाला महत्त्व असते. अशा वेळी मिळेल त्या पाण्याने सगळे अंग भिजवून वारा घालावा, शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, आणि बरोबरच्या एकाला तत्काळ माहिती केंद्राकडे पाठवावे. अमेरिकेत तातडीच्या मदतीचा क्रमांक ९११ आहे, पण रेंज नसल्यामुळे खोऱ्यातून आपल्या फोनवरून तो लागेलच असे नाही. मोठे रुग्णालय फार्मिंग्टनला, दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे.

आपल्या आईंनी प्यूब्लो बोनितो आणि शेजारचे चेत्रो केत्ल सकाळी नऊच्या आत पाहावे, असे मी सुचवीन. दोन्ही गाडीतळापासून जवळ आहेत. प्यूब्लो बोनितोमधली आतल्या खोल्यांची वाट मात्र अगदी बुटक्या दारांतून वाकून जाते आणि उंबरे उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर बाहेरून फिरून येणेच चांगले, आणि चौकात उभे राहूनही वास्तूचा अर्धवर्तुळाकार आवाका उत्तम कळतो.

प्रश्न : माझी मुलगी तिकडे शिकते. तिला एकटीने पठारावरच्या पायवाटा चालायच्या आहेत. तिला थांबवावे की जाऊ द्यावे?

उत्तर : थांबवू नये, पण काही गोष्टी तिच्याकडून कबूल करून घ्याव्यात. लांबच्या पायवाटांसाठी उद्यानाचा विनामूल्य परवाना लागतो. तो भरण्याचा कंटाळा करू नये, कारण कोणी परतले नाही तर शोध कुठून सुरू करायचा हे त्यावरूनच समजते. पठारावरच्या प्यूब्लो आल्तो या वास्तूची वाट जाऊन-येऊन ५.४ मैलांची, म्हणजे पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास आहे आणि किन क्लेत्सो या वास्तूमागे कड्यातल्या एका अरुंद भेगेतून वर चढते. तिथे हातांचा आधार घ्यावा लागतो, म्हणून हात मोकळे राहतील अशी पाठीवरची पिशवी हवी. वर गेल्यावर कड्याच्या काठावरून प्यूब्लो बोनितोचे जे दृश्य दिसते ते पाहून मी पुष्कळ वेळ बोललो नव्हतो. पण तो वालुकाश्म काठाशी भुसभुशीत आणि बारीक रेतीने झाकलेला असतो, आणि छायाचित्रासाठी एक पाऊल मागे घेण्याची ती जागा नव्हे. खडकावरची वाट दगडांच्या छोट्या राशी रचून दाखवलेली असते. पुढची रास दिसली नाही तर मागच्या राशीपर्यंत परत यावे.

पेन्यास्को ब्लांको या दुसऱ्या वास्तूची वाट जाऊन-येऊन ७.४ मैलांची आहे. वाटेत कड्याच्या पुढे आलेल्या खडकाखाली एक रंगचित्र आहे, जे १०५४ साली आकाशात दिसलेल्या स्फोटक ताऱ्याचे असावे असे मानले जाते. ही वाट चाको वॉश ओलांडते, म्हणून पाऊस पडून गेलेला असल्यास किंवा पडण्याची चिन्हे असल्यास ती घेऊ नये. जाताना ओढा कोरडा असला तरी परतताना तो तसाच असेल याची खात्री देता येत नाही. एकटीने जायचे तर उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे छोटे यंत्र तिने जवळ बाळगावे. तेवढा खर्च मी खुशाल करायला सांगेन.

प्रश्न : आकाशदर्शनासाठी रात्री राहता येते का? तंबूत राहणे सुरक्षित आहे का?

उत्तर : येते. २०१३ पासून चाकोला आंतरराष्ट्रीय गडद आकाश उद्यानाची मान्यता आहे आणि अमावास्येच्या आसपास तिथली आकाशगंगा पाहणे हा सहलीचा मोठा आनंद आहे. माहिती केंद्रापासून सुमारे मैलभर अंतरावर गॅयो नावाचा तंबूतळ असून त्याची आगाऊ नोंदणी करावी लागते. वास्तूंकडे जाणारा फेरीचा रस्ता रात्री बंद असतो.

थंडीची तयारी बहुतेकांची अपुरी पडते. कोरड्या, स्वच्छ हवेत दिवसाची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते आणि एकाच दिवसात तापमानात वीस अंशांचा फरक सहज पडतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये रात्री पाणी गोठू शकते, जानेवारीत तर पारा शून्याखाली १० अंशांपर्यंत उतरतो. अंगातले कपडे घामाने किंवा पावसाने ओले झालेले असतील तर अंधार पडण्यापूर्वी बदलावेत. कोणी थरथर कापू लागले, जीभ जड झाली किंवा हाताने चेन लावता येईना, तर त्याचे अंग गार पडते आहे असे समजावे, कोरडे कपडे घालून गाडीत बसवावे आणि शुद्ध नीट असल्यास गरम व गोड पेय द्यावे. आसपासची लाकडे गोळा करण्यास मनाई असल्यामुळे शेकोटीवर भिस्त ठेवू नये.

तंबूत राहणाऱ्यांना उंदरांविषयीही सांगायला हवे. १९९३ साली याच प्रदेशात, जिथे न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना, युटा आणि कोलोरॅडो ही चार राज्ये एकत्र येतात त्या भागात, फुप्फुसांचा एक जीवघेणा आजार उद्भवला आणि तो डिअर माउस नावाच्या उंदरांच्या मलमूत्रातून पसरणाऱ्या हंटा विषाणूमुळे होतो असे निष्पन्न झाले. हा आजार क्वचित होतो, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु खाण्याचे पदार्थ तंबूत न ठेवता गाडीत बंद डब्यात ठेवावेत, लेंड्या दिसतील तिथे तंबू ठोकू नये आणि त्या कोरड्या झाडू नयेत, कारण धुळीबरोबर विषाणू श्वासात जातो. घरी परतल्यावर पुढील एक ते आठ आठवड्यांत ताप, कंबर व मांड्या दुखणे आणि त्यानंतर धाप लागणे असे झाल्यास डॉक्टरांना आपण त्या भागात जाऊन आलो हे आवर्जून सांगावे.

प्रश्न : साप असतात का?

उत्तर : असतात, आणि त्यांत शेपटीने खुळखुळ्यासारखा आवाज करणारा विषारी रॅटलस्नेकही असतो. उन्हाळ्यात तो संध्याकाळी व रात्री बाहेर पडतो, म्हणून बॅटरीशिवाय चालू नये आणि न पाहता कपारीत हात घालू नये. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, वर आवळून बांधणे किंवा बर्फ लावणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी व घड्याळ काढावे, दंश झालेला भाग हलू न देता माणसाला शांत ठेवावे आणि रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : आम्ही दोन लहान मुलांना घेऊन जाणार आहोत. भिंतींवर चढू नये अशी सूचना वाचली. ती मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे की भिंतींच्या?

उत्तर : दोघांच्याही. हजार वर्षांच्या या भिंतींत चिकणमातीच्या गिलाव्यावर बसवलेले दगड आहेत, आणि वरचा एक दगड सुटला तर तो मुलाच्या पायावर पडेल आणि भिंतीतही पाणी शिरायला वाट होईल. मागचे कडेही स्थिर नाहीत. प्यूब्लो बोनितोच्या पाठीशी कड्यापासून सुटलेला एक प्रचंड सुळका उभा होता. तो धोक्याचा आहे हे बांधणाऱ्यांनाही ठाऊक होते आणि त्यांनी त्याच्या पायथ्याशी टेकू दिले होते. १९४१ च्या जानेवारीत तो कोसळला आणि सुमारे ३० खोल्या त्याखाली चिरडल्या गेल्या. त्या शिळा आजही तिथे पडलेल्या आहेत आणि मुलांना त्या जरूर दाखवाव्यात, म्हणजे कड्याच्या पायथ्याशी बसून डबा का खायचा नाही हे त्यांना वेगळे समजावावे लागणार नाही. फाहादा ब्यूट या सुळकेवजा डोंगरावर सूर्याच्या गतीशी जुळवलेले तीन शिळांमागचे कोरीवकाम आहे, पण येणाऱ्यांच्या पावलांनी तिथली माती झिजली आणि शिळा सरकल्या, म्हणून तो डोंगर आता पर्यटकांना बंद आहे.

प्यूब्लो, होपी आणि नवाहो लोकांसाठी हे खोरे आजही पवित्र आहे. त्यामुळे मुलांना तिथे धावण्यापासून आवरताना केवळ "पडशील" एवढेच न सांगता, ही कोणाच्या तरी पूर्वजांची घरे आहेत हेही सांगावे, असे मला मनापासून वाटते. वाटेवर काळ्या-पांढऱ्या नक्षीची खापरे दिसतात आणि मुलांचा हात तिकडे हमखास जातो. १९७९ च्या पुरातत्त्वविषयक कायद्याने ती उचलून नेणे गुन्हा आहे आणि त्यासाठी दंड व कैद दोन्ही होऊ शकतात. मुलाने खापर उचललेच तर रागावू नये. ज्या जागेवरून उचलले तिथेच, त्याच्याच हाताने, ते परत ठेवायला लावावे, आणि जागा आठवत नसेल तर माहिती केंद्रातल्या रेंजरकडे द्यावे.